श्रवणशक्तीचे रखवालदार

डोळ्यांना निसर्गाने पापण्या दिल्या आहेत. प्रखर उजेड समोर आला की त्या आपोआप मिटतात. कानांना मात्र असे झाकण नाही. मनुष्य झोपी गेला तरी त्याचे कान उघडेच असतात. हवा-नको असा प्रत्येक आवाज त्यांत शिरतो. बहुतेक आवाज निरुपद्रवी असतात. परंतु काही आवाज असे असतात की, ते दीर्घकाळ कानांवर आदळत राहिल्यास मनुष्य हळूहळू बहिरा होतो. असे का होते आणि ते कसे टाळावे, याचा विचार तीनशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे.

इटली देशात बर्नार्दिनो रामाझिनी नावाचे एक वैद्य होऊन गेले. कोणत्या धंद्यात कोणता विकार जडतो, हे जाणून घेण्यासाठी ते कामकऱ्यांच्या कामाच्या जागी स्वतः जात. त्यांच्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तीत व्हेनिस शहरातील तांबटांची हकीकत आहे. हे तांबट एकाच वस्तीत राहत आणि दिवसभर तांब्याचा पत्रा ठोकून भांडी घडवीत. पुण्याच्या तांबट आळीतील ठोक्यांचा नाद ज्याने ऐकला असेल, त्याला त्या वस्तीची कल्पना सहज येईल. त्या अखंड ठोक्यांनी तांबटांना ऐकू कमी येई आणि याच धंद्यात म्हातारपण आले की ते पार बहिरे होत, असे रामाझिनींनी नमूद केले आहे.

पुढे वाफेच्या यंत्रांचे युग आले. लोखंडी पत्रे रिव्हेटांनी जोडून मोठमोठे बॉयलर तयार होऊ लागले. एक कामकरी बॉयलरच्या पोटात बसून रिव्हेटला आतून टेका देई आणि बाहेरून दुसरे कामकरी त्यावर घाव घालीत. आत बसलेल्याच्या कानांची काय अवस्था होत असेल! स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराचे कर्णवैद्य टॉमस बार यांनी १८८६ मध्ये याची पद्धतशीर तपासणी केली. त्यांनी शंभर बॉयलर-कारागीर घेतले. शिवाय तुलनेसाठी ओतारी आणि टपालवाले यांचीही परीक्षा घेतली. टपालवाल्याचे काम शांततेचे असते. म्हणून त्याच्याशी तुलना केली असता धंद्याचा परिणाम स्पष्ट दिसणार होता. खिशातील घड्याळाची टिकटिक किती अंतरावरून ऐकू येते, हे त्यांनी प्रत्येकाच्या बाबतीत मोजले. शंभर बॉयलर-कारागिरांपैकी एकाचेही कान निर्दोष आढळले नाहीत.

परंतु आवाज किती मोठा असला म्हणजे तो घातक होतो? हे सांगायचे तर आवाज मोजण्याचे माप हवे. असे माप १९२०-३० या दशकात अमेरिकेतील टेलिफोन-शास्त्रज्ञांनी प्रचारात आणले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या नावावरून त्याला ‘डेसिबेल’ म्हणतात. कुजबुज सुमारे ३० डेसिबेल भरते, तर नेहमीचे बोलणे सुमारे ६० डेसिबेल. या मापाची चढण मात्र साधी नाही. ३ डेसिबेल वाढले की आवाजातील ऊर्जा दुप्पट होते आणि १० डेसिबेल वाढले की ती दहापट होते. म्हणून ८० आणि ९० या आकड्यांतील फरक दिसतो तेवढा लहान नसतो.

ही ऊर्जा कानात काय करते, तेही पाहिले पाहिजे. ध्वनीच्या लहरी कानाच्या पडद्यावर आदळतात. तेथून हातोडी, ऐरण व रिकीब या तीन चिमुकल्या हाडांच्या द्वारे त्या आतील शंखाकृती नलिकेत पोहोचतात. त्या नलिकेत सूक्ष्म केशपेशी असतात. प्रत्येक कानात त्यांची संख्या सुमारे पंधरा हजार असते. लहरींनी त्या हलल्या की मेंदूकडे संदेश जातो. निरनिराळ्या उंचीचे स्वर या नलिकेच्या निरनिराळ्या भागांना कसे हलवतात, हे गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्याबद्दल १९६१ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

गवतावरून एकदा चालले तर दबलेले गवत पुन्हा उभे राहते. पण त्याच जागेवरून रोज चालत राहिले तर तेथे पायवाट पडते. केशपेशींचेही तसेच आहे. मोठ्या गोंगाटातून घरी आल्यावर कानांत थोडा वेळ गुणगुण होते व ऐकू कमी येते. ते बहुधा विश्रांतीने सुधारते. मात्र तोच प्रकार वारंवार घडला की केशपेशी कायमच्या मरतात. पक्ष्यांच्या कानांत त्या पुन्हा उगवतात. माणसाच्या कानात एकदा गेलेली केशपेशी परत येत नाही. म्हणून या बहिरेपणावर प्रतिबंध हाच खरा उपाय होय.

या हानीची सुरुवात ध्यानात येत नाही, हीच मोठी अडचण आहे. प्रथम उंच स्वर ऐकू येईनासे होतात. बोलण्यातील ‘स’, ‘त’, ‘फ’ यांसारखे हलके ध्वनी त्यामुळे निसटतात, पण भारदस्त स्वर ऐकू येत राहतात. मग ‘सात’, ‘हात’ आणि ‘भात’ यांतील भेद कळत नाही. मनुष्य म्हणतो, “ऐकू तर येते, पण समजत नाही.” वर्गात असे झाले तर विद्यार्थ्याला दुर्लक्ष केल्याचा दोष विनाकारण लागतो.

इंग्लंडमध्ये बर्न्स आणि रॉबिन्सन या तज्ज्ञांनी कारखान्यांतील कामगारांच्या कानांचा दीर्घ अभ्यास करून १९७० मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कानाची हानी आवाजाची तीव्रता आणि त्याचा कालावधी या दोहोंवर मिळून अवलंबून असते, असे त्यांतून दिसून आले. ऊन कडक असेल तर थोड्या वेळातच त्वचा भाजते आणि सौम्य असेल तर बराच वेळ सोसते. तसाच हा प्रकार आहे.

आता गोंगाट केवळ कारखान्यापुरता राहिलेला नाही. खिशातील मोबाईल फोन आणि कानांत घालावयाची श्रवणयंत्रिका यांमुळे तो थेट कानाच्या पडद्याजवळ आला आहे. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सुरक्षित श्रवणाची मोहीम सुरू केली. मूळच्या भारतीय असलेल्या कर्णतज्ज्ञ डॉ. शेली चड्ढा यांचा या कार्यात मोठा वाटा आहे. २०१९ मध्ये या संघटनेने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या सहकार्याने अशा उपकरणांसाठी एक मानक जाहीर केले. प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबेल आवाज ४० तास, तर मुलांसाठी ७५ डेसिबेल आवाज ४० तास, अशी त्यात मर्यादा आहे. आवाज ३ डेसिबेलने वाढवला की वेळ निम्मा होतो. म्हणजे मुलांनी ७८ डेसिबेल आवाज २० तास ऐकावा, ८१ असेल तर १० तास आणि ९० असेल तर सव्वा तासच! उपकरणाने या श्रवणाचा जमाखर्च ठेवावा, मर्यादा संपत आली की सूचना द्यावी आणि आईवडिलांना आवाजावर बंधन घालता यावे, असेही त्यात सुचवले आहे. २०२२ मध्ये संगीताच्या जलशांसारख्या कार्यक्रमांसाठीही मानक आले. तेथे सरासरी आवाज १०० डेसिबेलपेक्षा जास्त असू नये, असे ते सांगते.

मानक म्हणजे कायदा नव्हे. ते सरकारांनी आणि कारखानदारांनी स्वीकारावे लागते. भारतात २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम झाले. त्यांनुसार निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल ही मर्यादा आहे. सरकारने सवलत दिलेले मोजके दिवस सोडले, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. तथापि, नियम पुस्तकात असून भागत नाही. तो पाळणारे नागरिक असावे लागतात.

मिरवणुकीत ध्वनिक्षेपकाच्या भिंतीसमोर उभे न राहता दूर जावे. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की ध्वनीची तीव्रता साधारणपणे चतुर्थांश होते. फोनचा आवाज कमाल मर्यादेच्या ६० टक्क्यांच्या आत ठेवावा व मधूनमधून कानांना विसावा द्यावा. कानांत गुणगुण राहिली तर ती न लपवता वडीलमाणसांना सांगावी.

व्हेनिसच्या तांबटाला पोटासाठी हातोडा उचलावाच लागे. त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आवाज कमी करण्याची कळ आज ज्याच्या हाती आहे, त्याने ती वेळीच फिरवावी.

स्वाध्याय

१. टॉमस बार यांनी टपालवाल्यांचीही परीक्षा का घेतली?
२. “ऐकू तर येते, पण समजत नाही,” असे मनुष्य केव्हा म्हणतो? कारण सांगा.
३. मुलांसाठी ८४ डेसिबेल आवाजाची आठवड्याची मर्यादा किती तास होईल, ते हिशेब करून लिहा.
४. गवताच्या दृष्टान्ताने लेखकाने काय सुचवले आहे?
५. विरुद्धार्थी शब्द लिहा : प्रखर, निर्दोष, तात्पुरता, शांतता.
६. तुमच्या गावातील उत्सवात आवाजाची मर्यादा पाळावी, अशी विनंती करणारे पत्र उत्सवाच्या चालकांस लिहा.