अर्धवट राहिलं तर?

आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३७ ते ४०



सहाव्या अध्यायात अर्जुन एक प्रश्न विचारतो, तो आपल्या सगळ्यांचाच आहे. श्रद्धा आहे, सुरुवातही केली. पण मन ढळलं आणि शेवटपर्यंत पोहोचता आलं नाही, तर त्या माणसाचं काय? ना इकडचा, ना तिकडचा, असा तो फाटलेल्या ढगासारखा विरून जातो का?

भगवंत त्याला ‘तात’ अशी जिव्हाळ्याची हाक मारतात आणि सांगतात, की चांगलं करणाऱ्याची दुर्गती कधीच होत नाही. केलेला प्रयत्न फुकट जात नाही.

हे योगाबद्दल आहे, खरं. पण आज ते आपण एका वेगळ्या मैदानावर वाचून बघू.

आपल्या वयाची बरीच मुलं-मुली हल्ली ट्रायथलॉनची तयारी करतात. गोव्यात २०१९ पासून अर्ध्या अंतराची मोठी स्पर्धा होते. समुद्रात १.९ किमी पोहायचं, ९० किमी सायकल चालवायची आणि मग २१.१ किमी धावायचं, सगळं एकाच दिवशी. पूर्ण अंतर याच्या दुप्पट असतं. प्रत्येक टप्प्याला वेळेची मर्यादा असते. ती चुकली की थांबावं लागतं. अनेक जण या निमित्ताने एखाद्या संस्थेसाठी निधीही गोळा करतात. मग रात्री झोपताना अर्जुनाचाच प्रश्न छळतो : लोकांनी माझ्या शब्दावर पैसे दिले, आणि मी मध्येच बाहेर पडलो तर?

एका बापलेकाची गोष्ट

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातले डिक हॉइट आणि त्यांचा मुलगा रिक. रिकला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. चालता येत नव्हतं, तोंडाने बोलता येत नव्हतं; तो संगणकाच्या मदतीने बोलायचा. १९७७ साली एका जखमी, पांगळ्या झालेल्या खेळाडूच्या मदतीसाठी ५ मैलांची शर्यत होती. रिक वडिलांना म्हणाला, आपणही धावू या. डिक काही धावपटू नव्हते. तरी त्यांनी व्हीलचेअर ढकलत शर्यत पूर्ण केली. नंबर आला शेवटून दुसरा! पण धावताना आपलं अपंगत्व नाहीसं झाल्यासारखं वाटलं, असं रिकने घरी आल्यावर सांगितलं.

पुढे ट्रायथलॉनचा विषय निघाला, तेव्हा डिकना पोहताही येत नव्हतं. ते शिकले. पोहताना रिकला रबरी होडीत बसवून ती दोरीने स्वतःला बांधायची, सायकलवर त्याला पुढच्या खास सीटवर घ्यायचं, धावताना खुर्ची ढकलायची. १९८८ साली हवाईच्या पूर्ण अंतराच्या स्पर्धेत पोहण्याचीच वेळ चुकली आणि त्यांना थांबावं लागलं. १९८९ मध्ये ते परत गेले आणि स्पर्धा पूर्ण केली.

आता सांगा, १९८८ चं पोहणं वाया गेलं का? आणि १९७७ मध्ये हे दोघं शेवटून दुसरे आले म्हणून त्या जखमी खेळाडूला पोहोचलेल्या मदतीची किंमत कमी झाली का?

मग आपण काय शिकायचं?

१. अभ्यास. याच अध्यायात (श्लोक ३५) भगवंत मान्य करतात, की मन आवरणं कठीण आहे. उपाय दोनच : अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे एका रविवारी जोशात शंभर किलोमीटर मारणं नव्हे. अभ्यास म्हणजे मंगळवारी पहाटे, कोणी बघत नसताना, तलावात उतरणं. तलावात दर २५ मीटरवर भिंत मिळते, समुद्रात मिळत नाही. म्हणून अधूनमधून मान वर करून खूण बघत सरळ पोहायचं, हे आधीच सवयीचं व्हावं लागतं, आणि तेही जाणत्या माणसासोबतच. सायकलवरून उतरून लगेच धावलं की पाय दगडासारखे होतात. तेही सरावानेच सुटतं. नामस्मरणाचंही असंच आहे ना? रोजचं थोडं, पण रोजचं.

२. प्रमाण. श्लोक १७ मध्ये खाणं, झोप, काम सगळं बेताचं असावं असं सांगितलंय. दुखणं लपवून धावणं ही तपश्चर्या नाही. विश्रांतीचा दिवस हासुद्धा सरावाचाच दिवस. आणि सुरुवातीला डॉक्टरांकडून तपासून घ्या.

३. दान. सतराव्या अध्यायात (श्लोक २०) सात्त्विक दानाची खूण आहे : द्यायला हवं म्हणून दिलेलं, परतफेडीची अपेक्षा नसलेलं, योग्य ठिकाणी, योग्य वेळी, योग्य व्यक्तीला दिलेलं. निधी गोळा करताना हे रोखठोक पाळता येतं. पैसे थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, पावती देणाऱ्याच्या नावाने निघू द्या. स्पर्धेची फी, सायकल, बूट आपल्या खिशातून. आणि मागतानाच स्पष्ट सांगा : “मी पूर्ण करेन की नाही, माहीत नाही, प्रामाणिकपणे तयारी करेन. तुमचं दान मात्र आजच पोहोचेल.”

बघा, एवढं बोललात की मनावरचं अर्धं ओझं उतरतं. कारण दान तुमच्या पदकावर टांगलेलं राहत नाही. एखाद्या मुलीची फी भरली गेली, तर ती भरली गेली; तुमचं घड्याळ काहीही दाखवो. तुमच्या वाट्याला उरतो तो फक्त सराव आणि दिलेला शब्द. वैराग्य ते हेच. प्रयत्नात कसूर नाही, पण निकालावर मालकीही नाही.

आणि खरंच मध्ये थांबावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी ज्यांनी दिलं त्या सगळ्यांना तसं कळवा, आभार माना. लपवायचं कशाला? फाटलेला ढग विरून जातो, असं अर्जुनाला वाटलं होतं. भगवंतांनी ती भीतीच काढून घेतली.

आजची साधना : अर्धवट राहील या भीतीने तुम्ही सुरूच न केलेलं एक चांगलं काम आठवा. त्यातलं आज पंधरा मिनिटांत होईल एवढंच करा. उद्या पुन्हा पंधरा मिनिटं.

प्रार्थना : हे माधवा, पोहोचण्याची चिंता तू घे. मला फक्त उद्या पहाटे उठव.

राम कृष्ण हरी!