घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे!

घरातला कर्ता माणूस मोठ्याने घोरू लागला की 'दिवसभर दमलाय, झोपू दे' असे म्हणून आपण कूस बदलतो. कुंभकर्णाचे नाव घेऊन थट्टाही होते. परंतु घोरता घोरता आवाज एकदम थांबणे, काही क्षण श्वासच न येणे आणि मग गुदमरल्यासारखे होऊन पुन्हा घोरणे सुरू होणे, हा एक आजार आहे. वैद्यकशास्त्रात त्याला 'स्लीप ॲप्निया' म्हणजे झोपेतील श्वासरोध म्हणतात.

असे का होते?

जागेपणी घशाचे स्नायू श्वासमार्ग उघडा धरून ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. ज्यांची मान जाड आहे, जबडा मागे आहे किंवा टॉन्सिल्स वाढलेले आहेत, त्यांची जीभ व टाळूचा मऊ भाग मागे पडून वाट बंद होते. छाती धडपडते, पण हवा आत जात नाही. रक्तातील प्राणवायू कमी होतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास सुरू होतो. सकाळी रुग्णाला यातले काही आठवत नाही. तासाला ५ ते १४ वेळा असे झाल्यास आजार सौम्य, १५ ते २९ वेळा मध्यम आणि ३० किंवा अधिक वेळा झाल्यास तीव्र समजतात.

दुर्लक्ष का नको?

आठ तास अंथरुणावर पडूनही झोप पुरी होत नाही. सकाळी डोके दुखते, चिडचिड होते, दुकानात बसल्या बसल्या डुलक्या येतात. रक्तदाब गोळ्या घेऊनही आटोक्यात राहत नाही. हृदयविकार व पक्षाघाताशीही या आजाराचा संबंध आढळला आहे. सर्वांत तातडीचा धोका वाहन चालवणाऱ्याला. आपल्या भागातून मुंबई-गोवा महामार्ग जातो. कशेडी किंवा आंबेनळीच्या वळणावर एक डुलकी पुरेशी असते, आणि ती गाडीतल्या सर्वांनाच भोवते.

हा आजार फक्त परदेशी लठ्ठ लोकांचा, असा समज आहे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ पुरुषांचा अभ्यास केला. तो २००४ साली प्रसिद्ध झाला. झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण १९.५ टक्के आढळले, तर त्यासोबत दिवसा झोप येण्याचा त्रास ७.५ टक्क्यांना होता. स्त्रियांमध्ये पाळी गेल्यानंतर हा धोका वाढतो. सडपातळ माणूसही त्यातून सुटत नाही.

घरच्या घरी विचारा

टोरांटोच्या डॉ. फ्रान्सिस चुंग यांनी २००८ साली मांडलेले आठ प्रश्न जगभर वापरले जातात.

१) बंद दाराबाहेर ऐकू येईल इतके घोरता का?
२) दिवसा थकवा, झोप येते का?
३) श्वास थांबलेला कोणी पाहिला आहे का?
४) रक्तदाब आहे का?
५) वजन उंचीच्या मानाने फारच जास्त आहे का?
६) वय ५० च्या पुढे आहे का?
७) मानेचा घेर ४० सें.मी.हून अधिक आहे का?
८) आपण पुरुष आहात का?

तीन किंवा अधिक उत्तरे 'होय' असतील तर डॉक्टरांना भेटावे. नक्की निदान झोपेच्या तपासणीने होते. रात्रभर श्वास, छातीची हालचाल, नाडी व प्राणवायू यांची नोंद घेतात. अनेकांची तपासणी लहान यंत्र लावून घरीही करता येते.

उपचार

सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली नाकावरील मास्कमधून सतत हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवण्याची पद्धत मांडली. तेच आजचे 'सीपॅप' मशिन. मध्यम व तीव्र आजारात अजूनही हाच मुख्य उपाय आहे. त्याने दिवसाची झोप व थकवा कमी होतो. मात्र हृदयरोग असलेल्या २,७१७ रुग्णांवरील २०१६ सालच्या चाचणीत हृदयविकाराचे झटके घटलेले दिसले नाहीत. त्या रुग्णांनी मशिन रात्री सरासरी ३.३ तासच वापरले होते. म्हणून मशिन रात्रभर लावावे आणि रक्तदाबाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. मशिन महाग असते. आधी भाड्याने मिळते का, ते विचारावे.

वजन कमी करणे, कुशीवर झोपणे व दारू सोडणे यांचा चांगला उपयोग होतो. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत; त्यांनी श्वास अधिक अडू शकतो. सौम्य आजारात जबडा पुढे धरणारी दातांवरची पट्टी चालते. लहान मुलांत टॉन्सिल्स काढल्याने बहुधा आराम पडतो.

रुग्णाला स्वतःचे घोरणे ऐकू येत नाही. तेव्हा डॉक्टरांकडे जाताना शेजारी झोपणाऱ्या माणसाला सोबत न्यावे. मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण असल्यास उत्तमच. आणि निदान होऊन उपचार सुरू होईपर्यंत डुलक्या येणाऱ्याने रात्री गाडी चालवू नये.