मापनातील फरक व त्याची प्रामाणिक नोंद

रसायनशास्त्राच्या प्रारंभिक अभ्यासात मापनाला पहिले स्थान आहे. ‘पाण्यात मीठ घालावे’ एवढ्या सूचनेवरून केलेला प्रयोग दुसऱ्यास तसाच करून पाहता येत नाही. ‘१०० मिलिलिटर पाण्यात ५ ग्रॅम मीठ घालावे’ असे सांगितले म्हणजे तोच प्रयोग कोणत्याही गावच्या शाळेत करता येतो. संख्या आणि एकक मिळूनच माप पूर्ण होते. नुसते ‘२५’ हे उत्तर अपुरे आहे, हे विद्यार्थ्यांच्या मनावर आरंभापासूनच बिंबवावे.

त्रुटीचे दोन प्रकार

एकक बरोबर लिहिले तरी प्रत्येक मापात थोडी त्रुटी राहतेच. पाच विद्यार्थ्यांनी मोजपात्राने २५ मिलिलिटर पाणी घेऊन त्याचे वजन केले व ते अनुक्रमे २४.८, २५.१, २४.९, २५.० आणि २५.२ ग्रॅम भरले, असे समजू. येथे फरक कधी कमी, तर कधी अधिक आहे. ही यादृच्छिक त्रुटी होय. अनेक मापे घेऊन सरासरी काढल्यास ती कमी होते. येथे सरासरी २५.० ग्रॅम येते.

दुसरी त्रुटी एकाच दिशेची असते. झिजलेल्या वजनाने तोललेली वस्तू प्रत्येक वेळी असेल त्याहून जड ठरते. मोजपात्रातील पातळी वरून पाहणाऱ्यास पाणी नेहमी अधिकच दिसते. ही पद्धतशीर त्रुटी होय. शंभर वेळा मोजूनही ती सरासरीने जात नाही. साधन किंवा पद्धत बदलून पाहिल्यावरच ती उघडकीस येते. म्हणून डोळा पातळीच्या समोर आणून, पाण्याच्या खोलगट पृष्ठभागाच्या तळाशी येणारी रेघ वाचण्याची सवय लावावी.

अकरा मिलिग्रॅमचा फरक

मापनातील फरक केव्हा क्षम्य मानावा व केव्हा त्याचा शोध घ्यावा, हे इंग्लंडमधील शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांच्या कार्यावरून समजते. त्यांनी नत्रवायू दोन मार्गांनी मिळविला: हवेतून प्राणवायू इत्यादी घटक काढून टाकून, आणि अमोनियासारख्या संयुगांपासून. काचेचा एकच गोळा सारख्याच तापमानास व दाबास भरून वजने केली असता हवेतील नत्रवायू सुमारे २.३१० ग्रॅम, तर संयुगांपासूनचा सुमारे २.२९९ ग्रॅम भरला. फरक केवळ ११ मिलिग्रॅमचा, म्हणजे सुमारे अर्धा टक्का होता.

परंतु एकाच मार्गाने मिळविलेल्या वायूच्या वजनांत आपापसांत पडणारा फरक याहून पुष्कळ कमी होता, आणि मोठा फरक सदैव एकाच दिशेने पडत होता. रॅले यांनी तो झाकला नाही. १८९२ साली ‘नेचर’ या नियतकालिकात पत्र प्रसिद्ध करून त्यांनी इतर रसायनशास्त्रज्ञांकडे उलगडा मागितला. पुढे विल्यम रॅम्झे यांनीही या शोधात भाग घेतला. १८९४ साली हवेत एक अज्ञात वायू असल्याचे त्या दोघांनी जाहीर केले. तोच अरगॉन. हवेच्या आकारमानात तो सुमारे ०.९३ टक्के असून नत्रवायूहून जड आहे. त्यामुळे हवेतील ‘नत्रवायू’ जड भरत होता. १९०४ साली रॅले यांना भौतिकशास्त्राचे व रॅम्झे यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

शिक्षकांनी घ्यावयाची काळजी

पुस्तकातील उत्तराशी जुळावे म्हणून आलेला आकडा खोडून दुसरा लिहिण्याचा मोह विद्यार्थ्यांस होतो. ‘उत्तर चुकले’ असे म्हणून गुण कापल्यास तो मोह वाढतो आणि विज्ञानाच्या तासाला असत्याचा धडा मिळतो. यास्तव गुण देताना कृती, एकक, घेतलेली सर्व मापे आणि फरकाची कारणे यांचा विचार करावा. पाचही मापे पुस्तकाशी तंतोतंत जुळणाऱ्या वहीपेक्षा थोडी वेगवेगळी मापे जशीच्या तशी नोंदणारी वही अधिक विश्वसनीय समजावी.

वर्गासाठी प्रश्न

१. १०० मिलिलिटर मोजताना १ मिलिलिटर चूक झाली व १० मिलिलिटर मोजतानाही तेवढीच झाली. प्रत्येक वेळी चूक किती टक्के? कोणती अधिक गंभीर?

२. झिजलेल्या वजनाने आलेली त्रुटी सरासरीने का जात नाही?

३. रॅले यांनी दोन्ही वजनांची सरासरी काढून काम संपविले असते, तर कोणता शोध राहून गेला असता?