भाड्याची गाडी आणि चार बोल्ट

सेकंड इयरला असताना आम्ही रूममध्ये पुस्तकांच्या फळीसाठी भिंतीत चार खिळे ठोकले होते. फळी झकास बसली. वर्ष संपताना रेक्टर सरांनी भिंतीकडे बोट दाखवलं आणि कॉशन मनीतून पैसे कापले. "फळी तुमची, भिंत कॉलेजची," एवढंच ते म्हणाले. तेव्हा फार राग आला होता. पुढे कितीतरी वर्षांनी, अमेरिकेत मिशिगनमध्ये एका गाडीखाली उताणा पडलेलो असताना तेच वाक्य आठवलं. ती हकीकत सांगतो, कारण तिच्यात स्टॅटिक्स आहे, वर्कशॉप आहे आणि थोडा कायदाही आहे.

लीज म्हणजे काय?

तिकडे पुष्कळ लोक गाडी विकत न घेता लीजवर घेतात, बहुधा ३६ महिन्यांसाठी. समजा गाडी ३०,००० डॉलरची आहे आणि तीन वर्षांनी तिची किंमत १८,००० राहील असं करारात धरलं आहे. मधले १२,००० डॉलर आपण ३६ हप्त्यांत भरायचे, म्हणजे महिन्याला सुमारे ३३३, वर व्याज आणि कर. मुदत संपली की गाडी परत. म्हणजेच मालक लीज कंपनी, आपण फक्त वापरणारे. नेहमीपेक्षा जास्त झीज किंवा मोडतोड दिसली तर त्याचे पैसे परत करताना मोजावे लागतात.

माझी गाडी अशीच होती. मुलीला नवी सायकल घेतली होती आणि दर रविवारी केन्सिंग्टन मेट्रोपार्कच्या तळ्याभोवती चक्कर मारायची असं ठरलं होतं. दोन सायकली न्यायच्या कशा? डिकीला पट्ट्यांनी बांधायचा रॅक रंगावर चरे पाडतो. टपावर सायकल चढवणं रोजचं काम नाही. राहिला हिच.

हिच म्हणजे गाडीच्या मागे, बंपरखाली, बॉडीच्या दोन लांब रेल्सना बोल्टने बसवलेला आडवा पोलादी पाइप. मध्यभागी चौकोनी तोंड असतं, त्याला रिसीव्हर म्हणतात. तोंडाचे नेहमीचे दोन आकार: सव्वा इंच आणि दोन इंच. मूळ उपयोग ट्रेलर ओढायचा, पण सायकलचा रॅकही त्यातच बसतो.

आधी फ्री बॉडी डायग्राम

क्लास १ च्या सव्वा इंची हिचवर साधारण २०० पौंड, म्हणजे ९० किलो उभा भार चालतो. माझा रॅक २३ किलोचा, सायकली प्रत्येकी १६ किलोच्या, एकूण ५५. मग काळजी कसली? पण ट्रेलरचा भार रिसीव्हरजवळच्या बॉलवर येतो, तर सायकलींचा भार कँटिलिव्हरसारखा मागे लोंबतो. गुरुत्वमध्य रिसीव्हरपासून अर्धा मीटर मागे धरा. मोमेंट ५५ × ९.८१ × ०.५, म्हणजे सुमारे २७० न्यूटन-मीटर. खड्ड्यात आपटलं की क्षणभर याची दुप्पट-तिप्पट. म्हणून रॅकवर लिहिलेली मर्यादा हिचच्या मर्यादेहून वेगळी असते. गाडीचं मॅन्युअल, हिच आणि रॅक, तिघांपैकी सगळ्यात लहान आकडा खरा मानायचा.

आता मागच्या ॲक्सलभोवती मोमेंट घ्या. भार ॲक्सलच्या १.५ मीटर मागे, व्हीलबेस २.७ मीटर. पुढची चाकं ५५ × १.५ ÷ २.७, म्हणजे जवळजवळ ३१ किलोंनी हलकी होतात. मागच्या चाकांवर ५५ नव्हे, ८६ किलो वाढतात! हे गणित तुम्ही फर्स्ट इयरलाच केलेलं आहे. फक्त तिथे बीम असतो, इथे मागच्या सीटवर आपली मुलगी असते.

मग कागद

ऑफिसातला एक मित्र म्हणाला, "गुपचूप लाव, परत देताना काढून टाक. कोण बघतंय?" शोरूमच्या सेल्समननेही फोनवर "खुशाल लावा" म्हणून सांगितलं. पण आमचे वर्कशॉपचे सर म्हणायचे, तोंडी ड्रॉइंगवर जॉब कापायचा नाही. मी करार काढून वाचला. लेखी परवानगीशिवाय गाडीत बदल करू नये, असं स्पष्ट कलम होतं. सेल्समन गाडीचा मालक नव्हताच! लीज कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं: ड्रिल करायचं नाही, काही कापायचं नाही, परत देताना गाडी मूळ स्थितीत हवी.

त्या पत्राने माझी मोठी चूक वाचवली. मी पसंत केलेल्या हिचसाठी बंपरच्या प्लास्टिकची खालची कड कापावी लागणार होती. ती ऑर्डर रद्द करून कंपनीने रेलमध्ये आधीच ठेवलेल्या भोकांत बसणारा दुसरा हिच घेतला. वॉरंटीचा प्रश्न वेगळा. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यामुळे नुसता बाहेरचा पार्ट लावला म्हणून अमेरिकेत वॉरंटी रद्द करता येत नाही. पण वॉरंटी गाडी बनवणाऱ्याची आणि मालकी लीज कंपनीची, यात गल्लत करू नका.

गाडीखाली

सायलेन्सरचे रबरी हँगर सोडवून पाइप थोडा खाली घेतला आणि हिच वर धरला. दोन बोल्ट सुरेख गेले. तिसरा तीन आटे जाऊन अडकला. पावसाचं चिन्ह होतं, घाई होती. मी पाना जोरात दाबला. पाना करकरला आणि पोटात गोळा आला. आतला नट रेलच्या पोकळीत वेल्ड केलेला असतो. तो तुटून फिरायला लागला तर रेल कापावी लागते, आणि रेल माझी नव्हती. इथेच रेक्टर सर आठवले.

थांबलो. बोल्ट हळूहळू उलटा फिरवून काढला. आट्यांत गंज आणि रंगाचा थर होता. सूचनापत्रात पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करा. ती ओळ मी वाचली होती आणि सोडून दिली होती. साफ केल्यावर बोल्ट नुसत्या हाताने गेला. मग चारही बोल्ट टॉर्क रेंचने सांगितलेल्या आकड्यापर्यंत आवळले, आणि पहिल्या फेरीनंतर पुन्हा तपासले.

आणखी एक गोष्ट. रॅकमुळे नंबर प्लेट झाकली जाते. मिशिगनमध्ये हिचच्या बॉलमुळे प्लेट झाकली गेल्याचा खटला २०१६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. पुढे कायदा बदलून बॉल आणि सायकल रॅक यांना सूट मिळाली. पण दुसऱ्या राज्यात जाताना तिथला नियम बघायलाच हवा. आपल्याकडेही मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या बदलांबद्दलच आहे. बाइकला काही ठोकण्याआधी जरूर वाचा.

मुदत संपली तेव्हा हिच काढला, भोकांना गंजरोधक लावून मूळची बुचं बसवली, फोटो काढले. तपासनीस गाडीखाली वाकला, बोल्टांच्या खुणा पाहून म्हणाला, "इथे काहीतरी होतं." मी पत्र पुढे केलं. त्याने वाचलं, फॉर्मवर बरोबरची खूण केली. एक डॉलरही कापला गेला नाही.

सायकली अजून आहेत, हिच गॅरेजात पडून आहे. हॉस्टेलच्या त्या भिंतीतली चार भोकं मात्र बुजवली की नाही, कोण जाणे. त्या रूममध्ये आत्ता जो कोणी असेल, त्याने खिळा ठोकण्यापूर्वी रेक्टर सरांना एक अर्ज लिहावा. लेखी.