गुणोत्तराचा धडा आणि आजीचा रक्ताचा रिपोर्ट



सहावीला 'गुणोत्तर-प्रमाण' शिकवताना मी आमच्या चंदगडच्या मुलांना काजूचं उदाहरण देते. साधारण चार किलो बियांतून एक किलो गर निघतो, म्हणजे बिया आणि गर यांचं गुणोत्तर ४:१. घरोघरी काजू असल्याने मुलांना ते लगेच समजतं. मग गृहपाठ दिला, "घरातलं एखादं गुणोत्तर शोधून आणा."

एका मुलीने आजीचा रक्ताचा रिपोर्ट आणला. आजीला कॅन्सर आहे, केमो चालू आहे. ती म्हणाली, "बाई, न्यूट्रोफिल ७५, लिम्फोसाइट १५. भागाकार पाच आला. मोबाईलवर लिहिलंय, जास्त आलं की वाईट. आजी बरी होणार नाही का?"

गणित अगदी बरोबर होतं, पण मला लगेच उत्तर देता आलं नाही. घरी जाऊन वाचलं, ओळखीच्या डॉक्टरांना विचारलं. जे समजलं ते तुमच्यासाठी सोप्या भाषेत मांडते.

हे गुणोत्तर म्हणजे काय?
सीबीसी ही रक्ताची साधी, स्वस्त तपासणी. तिच्यात पांढऱ्या पेशींच्या प्रकारांची टक्केवारी असते. न्यूट्रोफिल म्हणजे जंतुसंसर्ग किंवा जखम झाली की आधी धावणाऱ्या पेशी. लिम्फोसाइट शत्रू ओळखतात. त्यांतल्या काही कॅन्सरच्या पेशींनाही मारतात. न्यूट्रोफिलला लिम्फोसाइटने भागलं की हे गुणोत्तर मिळतं. उदा. ६० ÷ ३० = २. निरोगी मोठ्या माणसात ते साधारण १ ते ३ असतं.

कॅन्सरशी संबंध काय?
कॅन्सरच्या गाठीमुळे शरीरात दाह वाढतो. त्यामुळे न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट कमी पडतात. २०१४ मध्ये १०० अभ्यास एकत्र करून ४०,५५९ रुग्णांची माहिती तपासली गेली. ज्यांचं गुणोत्तर जास्त (बऱ्याच अभ्यासांत ४ च्या आसपासच्या रेषेवर) होतं, त्यांच्यात मृत्यूचा धोका सरासरी सुमारे १.८ पट आढळला. म्हणजे मोबाईलवरची माहिती खोटी नव्हती, पण अर्धीच होती.

उरलेली अर्धी गोष्ट
१) असे अभ्यास बहुतेक उपचारांआधीच्या रिपोर्टवर केलेले असतात. आजीचा रिपोर्ट केमो चालू असतानाचा होता.
२) केमोबरोबर उलटी होऊ नये म्हणून अनेकदा स्टेरॉइड देतात. त्याने न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. पांढऱ्या पेशी वाढवायच्या इंजेक्शननेही न्यूट्रोफिल वाढतात. साधा संसर्ग झाला तरी आकडा चढतो.
३) कॅन्सर कोणता, किती पसरला, रुग्णाची ताकद किती, हे सगळं डॉक्टर एकत्र पाहतात. एकट्या या आकड्यावरून उपचार ठरत नाहीत. कॅन्सर आहे की नाही, हेही त्यावरून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मूठभर काजूबिया घेऊन वर्गात गेले. त्या मुलीच्या हातात एक बी दिली आणि विचारलं, "४:१ वरून सांग, हिच्यात गर भरलेला आहे की पोचट?" ती म्हणाली, "ते कसं सांगणार बाई? फोडल्याशिवाय कळत नाही." मी म्हटलं, "अगदी बरोबर. पोत्याचा अंदाज गुणोत्तराने लागतो, एका बीचा नाही. तुझी आजी त्या ४०,५५९ जणांच्या पोत्यातली नाही, ती एकटी आहे. तिचं तिच्या डॉक्टरांना विचारायचं." आजी नक्की बरी होईल, असं मात्र मी म्हटलं नाही. ते मला माहीत नव्हतं.

पालकहो, मुलं आता रिपोर्ट वाचतात, मोबाईलवर शोधतातही. त्यांना रागावू नका. आकडा बघून घाबरली असतील तर जवळ बसवा, पुढच्या तपासणीला जाताना त्यांचा प्रश्न कागदावर लिहून डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि शिक्षकांनो, गुणोत्तर काढायला शिकवाल तेव्हा ते कशाचं सांगतं आणि कशाचं सांगत नाही, यासाठीही एक तास ठेवा.