राखीव जागा कां?

विद्यार्थिमित्रहो, आमच्या वर्गांत एकानें विचारलें, “आधीं शिक्षण, मग नोकरी, मग कांहींना जागा राखून कां ठेवाव्या?” प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचें उत्तर आपण इतिहासांत शोधूं.

२६ जुलै १९०२ रोजीं करवीरचे छत्रपति शाहू महाराज यांनीं हुकूम काढिला कीं, संस्थानांत रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं शेंकडा ५० मागासलेल्या वर्गांस द्याव्या. कारणही हुकुमांतच होतें: शिक्षणप्रसाराचे यत्न होऊनही ह्या वर्गांत उच्च शिक्षण रुजलें नाहीं, कारण त्याचें फळ मोजक्यांच्याच पदरीं पडत होतें. ज्या घरांतील कोणीही कधीं कचेरीची पायरी चढला नाहीं, तेथील बापानें मुलास औतावरून उठवून शाळेंत कां धाडावें? शिक्षणावांचून नोकरी नाहीं हें खरें. पण नोकरीच्या आशेवांचून शिक्षणही नाहीं. महाराजांनीं वसतिगृहांस आश्रय देऊन वाट मोकळी केली, आणि ह्या हुकुमानें ती वाट कोठें पोहोंचते तें दाखविलें.

पुढें १९५० सालीं अमलांत आलेल्या राज्यघटनेनेंही अशा जागा राखण्याची मुभा सरकारास दिली.

मुलांनो, शेजारच्या बाकावरील सोबत्याचे गुण मोजण्यापूर्वीं, त्याच्या घराण्यांतून शाळेंत आलेला तो कितवा, हेंही मनाशीं विचारा.