स्पर्धेच्या रायफलला बायपॉड कोणता?

प्रश्न : रायफल नेमबाजी शिकायला लागून मला काही महिने झाले. झोपून नेम धरला की रायफलचे तोंड डुलते. रायफलला पुढे दोन पायांचा बायपॉड लावून गोळी झाडणारे परदेशी नेमबाज व्हिडिओत दिसतात. स्पर्धेसाठी मी कोणता बायपॉड घ्यावा?
– एक वाचक, कामशेत (ता. मावळ)

उत्तर : तुम्ही ज्या स्पर्धेत उतरणार आहात तिथे बायपॉड चालतो का, हे आधी पाहा. रायफलचे आंतरराष्ट्रीय प्रकार आपल्याकडेही आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसारच खेळले जातात. १० मीटर एअर रायफल, ५० मीटर प्रोन (झोपून) आणि ५० मीटर थ्री पोझिशन्स, यांपैकी एकातही बायपॉडला परवानगी नाही. प्रोनमध्ये रायफलला आधार फक्त दोन हात आणि एका खांद्याचा. पुढच्या हाताचा कोपरापासूनचा भाग जमिनीशी किमान ३० अंशांचा कोन करून उभा हवा, त्यामुळे हात आडवा टाकून त्यावर रायफल ठेवण्याची सोयही उरत नाही.

राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले, ते याच नियमांखाली. कोल्हापूरची तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, तीही बायपॉडशिवाय. या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते.

मग रायफल स्थिर राहते कशी? स्लिंगने. हा पट्टा दंडाला बांधून रायफलच्या पुढच्या भागात अडकवतात. तो नीट ताणला की वजन स्नायूंवर न येता हाडांवर येते. प्रोन आणि नीलिंगमध्ये (गुडघा टेकून) स्लिंग चालते, उभ्याने मात्र नाही. तुमच्या रायफलचे तोंड डुलते याचा अर्थ बहुधा स्नायूच तिला धरून आहेत. एक चाचणी करा. रायफलमध्ये काडतूस न भरता नेम धरा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घ्या आणि डोळे उघडा. नेम सरकला असेल तर हाताने रायफल ओढून जागेवर आणू नका. पुढचा कोपर जागीच ठेवून सगळे अंग थोडे फिरवा.

बायपॉडचे खरे घर एफ-क्लास. लांब पल्ल्याच्या या स्पर्धांमध्ये १००० यार्डांपर्यंत नेमबाजी होते. त्यातल्या एफ-टीआर प्रकारात बायपॉड चालतो, मात्र त्याच्यासकट रायफलचे वजन ८.२५ किलोच्या आत हवे. पुढे कधी त्या वाटेला गेलात तर निवडताना एवढे पाहा. पाय जितके रुंद पसरतील आणि बैठक जितकी बुटकी असेल, तितकी रायफल बाजूला कमी कलंडते. गोळी सुटल्यावर रायफल सरळ मागे यावी म्हणून मॅटवर घसरणारे, स्कीसारखे चपटे पाय अनेक जण पसंत करतात. कठीण पृष्ठभागावर बायपॉड उसळतो, म्हणून प्रत्येक गोळीला तो सारख्याच दाबाने टेकवावा लागतो. जमीन उंचसखल असली तरी रायफल सरळ करता येईल अशी कलण्याची सोय आणि ती पक्की करणारी कळ हवी. तो दस्त्याच्या पुढच्या भागालाच बसवावा, नळीला कधीही नाही. नळीवर दाब आला की गोळीची जागा बदलते.

आपल्या भागासाठी एक वेगळी सूचना. लोणावळ्याच्या पावसात चिखल आणि ओल कोणत्याही स्क्रू-स्प्रिंगला सोडत नाही. रायफल असो वा बायपॉड, वापरानंतर पुसून, कोरडे करून, तेलाचा हलका हात फिरवूनच ठेवा.

सराव नेहमी अधिकृत रेंजवर आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली करा. लोहगड-विसापूरच्या पायथ्याचे मोकळे माळ त्यासाठी नाहीत. पुण्याच्या बाह्यवळण रस्त्यालगत बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल आहे. २००८ च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धांची नेमबाजी पुण्यात झाली ती तिथेच.

थोडक्यात, तूर्त बायपॉड घेऊ नका. ते पैसे अंगाला नीट बसणारे जॅकेट, चांगली स्लिंग आणि पुढच्या हाताला अडवणारा हँडस्टॉप यांवर खर्च करा, आणि खरेदीपूर्वी प्रत्येक वस्तू चालू वर्षाच्या नियमपुस्तिकेशी ताडून पाहा.